रॉकेटच्या संचात उंचीमापक बसविताना: दिल्लीच्या उन्हात मोजमाप का चुकते?

नवी दिल्ली – शाळा-महाविद्यालयांतील विज्ञान मंडळांत मॉडेल रॉकेटचा तयार संच जोडून उडविणे हा आता नवा प्रयोग राहिलेला नाही. त्या संचात स्वतःचे एखादे काम करणारे उपकरण बसवून रॉकेटला प्रयोगाचे वाहन बनविणे, ही त्यापुढची पायरी होय. त्यासाठी सर्वाधिक वापरले जाणारे उपकरण म्हणजे हवेच्या दाबावरून उंची सांगणारा संवेदक. तो स्वस्त आहे, नखाएवढा लहान आहे आणि सहज मिळतो. मात्र तो बसविल्याने रॉकेटचे उड्डाण बदलते, आणि दिल्लीसारख्या टोकाच्या हवामानात त्याने दिलेला आकडाही जसाच्या तसा स्वीकारता येत नाही.

दारूऐवजी पाणी

अमेरिकेत १९५० च्या दशकात रूढ झालेल्या मॉडेल रॉकेटमध्ये दारूची छोटी, कारखान्यात भरलेली मोटर वापरली जाते. भारतात अशी दारू १८८४ चा स्फोटक कायदा आणि २००८ चे स्फोटक नियम यांच्या कक्षेत येते. या कायद्याची अंमलबजावणी करणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय नागपूर येथे आहे. परवान्याशिवाय घरी मोटर भरणे बेकायदेशीर तर आहेच, शिवाय ते जिवावर बेतू शकते.

राजधानी परिसराची अडचण आणखी वेगळी आहे. पालम, सफदरजंग आणि गाझियाबादजवळचे हिंडन या विमानतळांमुळे येथील आकाश कडक नियंत्रणाखाली असते. प्रजासत्ताक दिन व स्वातंत्र्य दिनाच्या सुमारास ड्रोन, पॅराग्लायडर, फुगे आदींवर दिल्ली पोलीस बंदीचे आदेश काढतात. भारतीय अंतराळ क्षेत्राला प्रोत्साहन देणाऱ्या ‘इन-स्पेस’ या संस्थेच्या पुढाकाराने झालेल्या विद्यार्थ्यांच्या मॉडेल रॉकेट स्पर्धेची उड्डाणे ऑक्टोबर २०२५ मध्ये उत्तर प्रदेशातील कुशीनगर जिल्ह्यात, मोकळ्या जागेवर घेण्यात आली.

त्यामुळे दिल्लीतील शाळेच्या मैदानासाठी पाण्याचे रॉकेट हाच व्यवहार्य पर्याय ठरतो. शीतपेयाच्या दोन लिटरच्या बाटलीत सुमारे एक तृतीयांश पाणी भरून सायकलच्या पंपाने हवा दाबली जाते. तोंड मोकळे होताच पाणी वेगाने मागे फेकले जाते आणि बाटली वर झेपावते. यातही शिस्त आवश्यक आहे. संचावर छापलेली दाबाची मर्यादा ओलांडू नये, चरे पडलेली बाटली वापरू नये आणि सर्वांनी दोरीने आखलेल्या अंतराबाहेर उभे राहावे. मैदान वापरण्यापूर्वी शाळेची व स्थानिक पोलीस ठाण्याची परवानगी घेणे इष्ट.

वजन कोठे ठेवावे?

रिकाम्या बाटलीचे वजन साधारण ४५ ते ५० ग्रॅम असते. संवेदक, सूक्ष्मनियंत्रक, लहान बॅटरी आणि छत्री सोडणारी छोटी सर्वो मोटर मिळून जवळजवळ तेवढेच वजन वाढते. हे वजन कोठे बसविले यावर उड्डाणाचे भवितव्य ठरते.

रॉकेटचा गुरुत्वमध्य हा हवेच्या जोराच्या मध्यबिंदूपेक्षा, म्हणजे दाबमध्यापेक्षा, टोकाच्या बाजूला असावा लागतो. दोहोंत किमान बाटलीच्या व्यासाइतके अंतर असावे, असा संकेत आहे. तसे असेल तर वाऱ्याने टोक वळले तरी शेपटीचे पंख त्याला पुन्हा मार्गावर आणतात. उपकरणे टोकातील शंकूत ठेवली तर हे संतुलन सुधारते. तीच शेपटीकडे ठेवली तर रॉकेट हवेत कोलांट्या घेते. उड्डाणापूर्वी रॉकेटला गुरुत्वमध्यापाशी दोरी बांधून डोक्याभोवती गोल फिरवावे. टोक सतत पुढे राहिले तरच ते उडविण्यास योग्य समजावे.

संवेदकाच्या कप्प्याला बाजूने बारीक छिद्रे हवीत. कप्पा पूर्ण बंद असेल तर आतला दाब बदलत नाही आणि यंत्र उंची दाखवीतच नाही. छिद्रे शंकूच्या उतारावर पाडली तर वेगामुळे तेथे बदलणारा दाब मोजला जातो. म्हणून ती सरळ भिंतीवर, टोकापासून खाली असावीत. काही संवेदकांवर थेट ऊन पडले तरी वाचन बिघडते, त्यामुळे कप्पा अपारदर्शक असावा.

दाबावरून उंची

आपण जसजसे वर जातो तसतसा हवेचा दाब कमी होतो. जमिनीलगत साधारण साडेआठ मीटर वर गेल्यावर तो एक हेक्टोपास्कलने उतरतो. बीएमपी २८० हा प्रचलित संवेदक ०.१२ हेक्टोपास्कलपर्यंतचा फरक विश्वासाने ओळखतो. हा फरक सुमारे एक मीटर उंचीचा झाला. पन्नास मीटरच्या उड्डाणासाठी एवढी अचूकता पुरेशी आहे.

चूक होते ती पुढच्या गणितात. संवेदकासोबत मिळणारे तयार सूत्र समुद्रसपाटीवर १०१३.२५ हेक्टोपास्कल दाब आणि १५ अंश सेल्सिअस तापमान गृहीत धरते. दिल्लीत जून-जुलैमध्ये समुद्रसपाटीवर आणलेला दाब १००० च्या आसपास उतरतो. केवळ एवढ्या कारणाने यंत्र जमिनीवर असतानाच शंभर मीटरहून अधिक चूक दाखवू शकते. त्यावर उपाय सोपा आहे. उड्डाणाच्या आधी मंचावरचा दाब नोंदवून तोच शून्य मानावा.

तापमानाची चूक मात्र शून्य ठरवून जात नाही. तापलेली हवा विरळ असते, त्यामुळे तिच्यातून तेवढेच वर गेल्यावर दाब कमी प्रमाणात उतरतो. मे महिन्यात ४२ अंश तापमान असताना यंत्राने ५० मीटर दाखविले तर खरी उंची सुमारे ५५ मीटर असते. जानेवारीच्या सकाळी ७ अंशांत तेच ५० मीटर म्हणजे प्रत्यक्षात जवळपास ४९. याचा अर्थ असा, की एकच रॉकेट दोन्ही वेळा बरोबर ५२ मीटर गेले, तर नोंद मे महिन्यात ४७ आणि जानेवारीत ५३ अशी होईल. ‘थंडीत रॉकेट जास्त उंच जाते’ हा निष्कर्ष वहीत लिहिला जाईल, आणि तो निव्वळ सूत्राचा दोष असेल.

दुरुस्तीसाठी सावलीतल्या तापमापकाचे वाचन केल्व्हिनमध्ये घेऊन त्याला २८७ ने भागावे आणि त्या गुणोत्तराने यंत्राच्या उंचीला गुणावे. बाटलीत बंद असलेल्या संवेदकाचे तापमान यासाठी चालत नाही, कारण कप्पा उन्हात बाहेरच्या हवेपेक्षा अधिक तापतो.

दुसरा साक्षीदार

कोणत्याही उपकरणाला दुसऱ्या पद्धतीची पडताळणी हवी. मंचापासून ५० मीटरवर उभे राहून कोनमापक व ओळंबा यांच्या साहाय्याने सर्वोच्च बिंदूचा कोन घेतल्यास, ४५ अंश म्हणजे डोळ्याच्या पातळीपासून ५० मीटर उंची. येथेही पाच अंशांची चूक आठ ते दहा मीटरचा फरक पाडते, म्हणून दोन बाजूंना दोन निरीक्षक असावेत. नोव्हेंबरच्या धुरकट हवेत रॉकेट नजरेआड होते, त्यामुळे दिवस निवडूनच उड्डाण ठेवावे.

संवेदकाचे दुसरे काम छत्री उघडण्याचे असते. सलग काही वाचनांत उंची घटली, की सर्वो मोटर दार सोडते. एकाच वाचनावर विसंबल्यास वाऱ्याच्या झोताने छत्री चढतानाच उघडू शकते. उलट ती उघडलीच नाही, तर ५० मीटरवरून पडणारी वस्तू, हवेचा विरोध वगळल्यास, जमिनीशी ताशी ११० किलोमीटरच्या वेगाने पोहोचते. पाव किलोच्या रॉकेटला सेकंदाला पाच मीटर वेगाने उतरविण्यासाठी सुमारे अर्धा मीटर व्यासाची छत्री लागते. ठरावीक सेकंदांनी दार उघडणारी स्वतंत्र घड्याळ-योजना जोडीला ठेवणे गर्दीच्या शहरात अत्यावश्यक आहे.

थुंबा येथून २१ नोव्हेंबर १९६३ रोजी उडालेले भारतातील पहिले अग्निबाण ‘नाइके-अपाचे’ अमेरिकी बनावटीचे होते. त्यात सोडियमच्या वाफेचा प्रयोग होता आणि वरच्या वातावरणाची माहिती मिळविणे हा त्याचा हेतू होता. शाळेच्या बाटलीतील संवेदकही त्याच जातीचे काम करतो. म्हणून उड्डाणाच्या नोंदवहीत उंचीच्या आकड्याशेजारी तारीख, सावलीतले तापमान, मंचावरचा दाब आणि दोन्ही निरीक्षकांचे कोन लिहिलेले असावेत. तेवढे असेल तर पुढच्या वर्षीची तुकडी ती नोंद तपासू शकते.