पाण्याखालची बाग आणि आपली लेकरे

सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर बाबासाहेबांना अभिवादन करून झाले की आपण दादरच्या किनाऱ्यावर पाय भिजवतो आणि परतीची गाडी पकडतो. उदगीर, देवणी, जळकोटकडच्या बहुतेक कुटुंबांची समुद्राशी ओळख तेवढीच. त्याच अरबी समुद्राच्या पोटात काय आहे हे पाहण्याची सोय मालवणला आहे, आणि त्यासाठी पट्टीचा पोहणारा असावे लागत नाही.

शिवाजी महाराजांनी १६६४ ते १६६७ या काळात बांधलेल्या सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास समुद्रतळाशी प्रवाळ आहेत. १९८७ साली येथील सुमारे २९ चौरस किलोमीटरचा पट्टा सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. पोटावर पाय येईल म्हणून मच्छिमारांनी त्याला विरोध केला होता आणि तो समजण्यासारखा होता. आज त्यांच्यातलेच अनेक तरुण पर्यटकांना नावेतून नेऊन समुद्र दाखवतात. याला स्नॉर्केलिंग म्हणतात. डोळे व नाक झाकणारा काचेचा मुखवटा, तोंडात धरायची नळी आणि अंगात तरंगते जाकीट, एवढेच साहित्य. पालथे तरंगायचे, तोंडाने श्वास घ्यायचा, खाली पाहायचे. वाटाड्या सोबत असतो. काचेवर वाफ धरू नये म्हणून ती आतून थुंकी लावून धुतात. लेकरांना याचे फार हसू येते.

खाली जे दगडासारखे दिसते ते दगड नव्हे. लक्षावधी बारीक जीव चुन्याचे घर बांधतात, मरतात, त्यावर पुढचे बांधतात. त्यांच्या अंगात राहणारे सूक्ष्म शैवाल उन्हावर अन्न तयार करते आणि त्यांना पोसते. पाणी फार तापले की हे शैवाल निघून जाते, प्रवाळ पांढरे पडतात आणि उपाशी मरतात. मंगळाची पीडा जावी म्हणून ज्योतिषी जे पोवळे अंगठीत घालायला सांगतो, ते जातीने वेगळे, पण तेही अशाच जीवांचा सांगाडा! सांगाड्याने कुणाचे लग्न जुळत नाही.

आपल्या मुलांना पाण्यात उतरताना भीती वाटते, त्याला इतिहास आहे. ज्या तळ्यात जनावर उतरे तेथे आपल्या माणसाला ओंजळ भरता येत नव्हती, मग तो पोहायला शिकणार कुठे? १९२३ च्या बोले ठरावाने सार्वजनिक पाणवठे कागदावर खुले झाले. तरी महाडला २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना स्वतः चवदार तळ्याचे पाणी प्यावे लागले, आणि उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ उजाडले. पाणी प्यायचा हक्क मिळाला. पाण्यात खेळायची सवय मात्र घराघरांत यायची राहिली. आजही आई मुलाला सांगते, विहिरीकडे फिरकू नको. आमचे म्हणणे असे की विहारांच्या उन्हाळी शिबिरांत वक्तृत्वाबरोबर पोहणेही शिकवावे, मुलींना तर आधी.

परदेशात अशा सहलींत पाण्याखालचे पुतळेही पाहायला मिळतात. कॅरिबियन समुद्रातील ग्रेनाडा बेटाजवळ जेसन डीकेअर्स टेलर या शिल्पकाराने २००६ साली पुतळे बसवायला सुरुवात केली. त्यांत हातात हात धरून गोल उभी असलेली सव्वीस मुले आहेत. आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेताना समुद्रात फेकलेल्यांचे ते स्मारक, असे लोक मानतात. शिल्पकाराच्या मनात मुळात तसे नव्हते, पण लोकांनी तो अर्थ सोडला नाही. सोडतील कसा? १७८१ साली ‘झाँग’ जहाजावरून १३० च्या आसपास जिवंत माणसे समुद्रात ढकलली गेली आणि मालकांनी ‘माल’ बुडाला म्हणून विम्याची भरपाई मागितली. गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलना बाबासाहेबांनी केली होती. १९४६ साली त्यांनी अमेरिकेतील निग्रो नेते डु बॉइस यांना पत्रही लिहिले होते. त्या दगडी मुलांच्या अंगावर आता प्रवाळ वाढतात.

आपल्याकडेही २०२४ साली निवृत्त झालेली ‘गुलदार’ ही युद्धनौका निवतीजवळ समुद्रतळाशी बसवून संग्रहालय करण्याची योजना राज्याच्या पर्यटन महामंडळाने आखली आहे.

जायचे तर लातूरहून मिरज, पुढे कोल्हापूर आणि घाट उतरून मालवण. २०१६ साली लातूरला पाण्याची रेल्वे मिरजेहूनच आली होती, तीच वाट उलटी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाणी बहुधा नितळ असते. पावसाळ्यात हे सारे बंद. साडीवर उतरता येत नाही, सलवार-कुडता किंवा पायजमा बरा. प्रवाळावर उभे राहू नये, तुकडा उचलू नये. तो कायद्याने गुन्हा आहे. भाव आधी ठरवावा. आणि मुलाच्या मापाचे जाकीट आहे का, हे नावेत बसण्यापूर्वी विचारावे. मोठ्यांचे जाकीट लहानाच्या अंगातून वर सरकते.