कांदा, मंत्री आणि अकरा ते बारा

२०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेचे पावसाळी अधिवेशन संपले तेव्हा लोकसभाध्यक्ष ओम बिर्ला यांनी समारोपात हिशेब वाचून दाखवला. कार्यक्रमपत्रिकेवर तारांकित प्रश्न ४१९, तोंडी उत्तरे मिळाली ५५ प्रश्नांना. चर्चेसाठी ठरलेले तास १२०, काम झाले ३७ तास. माझ्याकडे येणाऱ्या वर्तमानपत्राने हे आतल्या पानावर चौकटीत टाकले होते, तेही एका सिमेंटच्या जाहिरातीखाली.

त्याच अधिवेशनाच्या शेपटाला पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारे विधेयक मंजूर झाले. २० ऑगस्टला लोकसभा, २१ ला राज्यसभा, २२ ला राष्ट्रपतींची सही. बंदी मला स्वतःला पटते. पण याच धंद्यातल्या एका कंपनीचे नाव तोवर भारतीय क्रिकेट संघाच्या छातीवर झळकत होते आणि ऑक्टोबर २०२३ पासून सरकार याच खेळांवर २८ टक्के जीएसटी घेत होते. घातक होते तर इतकी वर्षे कर कसला घेतलात, आणि घातक नव्हते तर तीन दिवसांत गाशा का गुंडाळायला लावलात, हे दोन साधे प्रश्न कोणीतरी मंत्र्याला उभे करून विचारायला हवे होते. सभागृहात त्या वेळी बिहारच्या मतदारयाद्यांवरून घोषणा चालल्या होत्या.

प्रश्नोत्तराचा तास म्हणजे काय, हे तरुण वार्ताहरांना हल्ली समजावून सांगावे लागते, म्हणून दोन वाक्ये. खासदार पंधरा दिवस आधी प्रश्न देतो, चिठ्ठ्या निघतात आणि लोकसभेत रोज वीस प्रश्न तारांकित म्हणून लागतात. छापील उत्तर मंत्र्याच्या नावाने पटलावर जाते, ते त्याच्या खात्यातल्या उपसचिवाने लिहिलेले असते. मंत्र्याचे स्वतःचे असे काही त्यानंतर सुरू होते. प्रश्नकर्त्याला दोन उपप्रश्न मिळतात, मग अध्यक्ष इतरांना पुकारतात, आणि समोरून काय येणार हे मंत्र्याला ठाऊक नसते. मागच्या अधिकारी कक्षातून चिठ्ठ्या येऊ लागल्या की पत्रकार कक्षात आम्ही सावरून बसायचो. मंत्र्याला आपले खाते कळते की नाही, याचा निकाल तिथेच लागायचा.

आरंभीच्या दशकांचा इतिहास सगळ्यांनी इतक्यांदा लिहिला आहे की मी तो पळत पळत ओलांडतो. १९५७ मध्ये आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांत सव्वा कोटीच्या आसपास पैसे का घातले, हे प्रकरण एका तारांकित प्रश्नातून उघडले, फिरोज गांधींनी ते धसास लावले, न्यायमूर्ती छागलांनी मुंबईत उघड चौकशी केली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी गेले. १९७४ मध्ये पाँडिचेरीच्या व्यापाऱ्यांना आयात परवाने द्यावेत म्हणून एकवीस खासदारांच्या सह्यांचा अर्ज आला आणि बहुतेकांनी आपली सही नाकारली. तेव्हा पुण्याच्या मधू लिमयांनी नियमांचे पुस्तक हातात घेऊन सरकारला जो घाम फोडला, त्याच्या कथा आम्ही ज्येष्ठांकडून ऐकल्या. ऐंशीच्या दशकातल्या चारशेच्या बहुमताबद्दल लिहिण्यासारखे माझ्याकडे काही नाही.

मी दिल्लीत एका मराठी दैनिकाचा वार्ताहर म्हणून बसलो ते नव्वदच्या दशकात. आमचे वरिष्ठ बाराला, शून्य प्रहराला यायचे. ‘उत्तरं छापील मिळतातच, तासभर तिथे जाऊन काय करायचं?’ हे त्यांचे ठरलेले वाक्य. त्यांनी माझ्या कितीतरी बातम्या याच वाक्याखाली गाडल्या. हिरव्या कागदावरची तारांकित यादी आणि पांढऱ्यावरची अतारांकित यादी सकाळी हातात पडली की मी आधी नागरी पुरवठा, वाणिज्य आणि पेट्रोलियम शोधायचो. त्या तीन खात्यांत माझ्या वाचकाचे स्वयंपाकघर होते.

तेव्हा मंत्र्याच्या हातात खरोखर वस्तू असायच्या. साखरेचा कोटा त्याच्याकडे, टेलिफोनची प्रतीक्षायादी त्याच्याकडे, गॅसचा नंबर त्याच्याकडे. खासदारांना गॅस कनेक्शनची कूपने मिळत आणि त्यासाठी त्यांच्या घरासमोर रांगा लागत. म्हणून ठाणे-नांदेडच्या माणसाचे गाऱ्हाणे लेखी प्रश्न होऊन यायचे. उत्तर मुंबईचे राम नाईक त्या काळात विरोधी बाकांवर होते. फाइल घेऊन यायचे, आवाज चढवायचे नाहीत आणि मंत्र्याला आकड्यात पकडायचे. १९९९ मध्ये ते स्वतः पेट्रोलियम मंत्री झाले आणि गॅसची एक कोटी दहा लाखांची प्रतीक्षायादी संपवल्याचे पुढे आयुष्यभर सांगत राहिले. सांगू देत. प्रश्न विचारून झिजलेला माणूस मंत्री झाला की उत्तर देताना वेगळा वागतो, हे मी त्यांच्यात पाहिले. त्यांच्या पक्षातल्या आजच्या मंत्र्यांपैकी किती जण विरोधी बाकांवर बसून झिजले आहेत, हे ज्याने त्याने मोजावे.

१९९४ ची साखर मला सगळ्यांत लख्ख आठवते. उत्पादन कमी पडणार हे दिसत होते, आयात वेळेवर झाली नाही आणि भाव चढले. अन्न खाते एकाकडे, नागरी पुरवठा दुसऱ्याकडे, वाणिज्य तिसऱ्याकडे. एका खात्याला विचारले की बोट दुसऱ्याकडे जायचे. पण तीन खात्यांचे तीन वार वेगवेगळे असत, आणि सोमवारी एकाने दिलेले उत्तर बुधवारी दुसऱ्याच्या तोंडावर वाचून दाखवता येत असे. त्या रस्सीखेचीत सरकारची लक्तरे बाहेर आली. डिसेंबरात अन्नमंत्री कल्पनाथ राय यांना जावे लागले. पुढे ज्ञानप्रकाश चौकशीचा शिंतोडा उडाला म्हणून नागरी पुरवठा मंत्री ए. के. अँटनी यांनी १९९५ च्या आरंभी स्वतःहून खुर्ची सोडली. दोन मंत्री साखरेपायी गेले, आणि आमच्या साखर कारखानदारांच्या महाराष्ट्रातले खासदार त्या चर्चेत किती जपून बोलत होते, तेही मला आठवते. उसाच्या राजकारणात सगळ्यांचेच हात गोड होते.

त्याच डिसेंबरात प्रश्नोत्तराचा तास दूरदर्शनवर थेट दिसू लागला, एक आठवडा लोकसभा, एक आठवडा राज्यसभा. आम्हाला वाटले आता तासाला सोन्याचे दिवस येणार. झाले उलटेच. कॅमेऱ्याला उपप्रश्नापेक्षा मोकळ्या जागेत धावत येणारा माणूस जास्त आवडतो, हे सदस्यांना आमच्या आधी कळले. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९९५ मध्ये, दूरसंचार निविदांवरून भाजपने संसद दिवसेंदिवस बंद पाडली. दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याबद्दलचा संशय रास्त होता, पुढे त्यांच्या घरांत नोटांच्या थैल्या सापडल्याच. पण ज्या मंत्र्याला रोज उभे करून सोलता आले असते त्याला विरोधकांनी गोंधळाच्या आडोशाला बसू दिले. ‘मंत्र्याला बोलूच द्यायचे नाही’ या डावाची चटक सगळ्या पक्षांना तिथून लागली.

मे १९९६ च्या तेरा दिवसांच्या वाजपेयी सरकारचे एक काम मराठी वाचकाने विसरू नये. विश्वासदर्शक ठरावावर लोकसभेत भाषणे चालू असताना, २७ मेला, मंत्रिमंडळाने एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पाच्या प्रतिहमीवर शिक्कामोर्तब केले. हाच प्रकल्प आदल्या ऑगस्टमध्ये राज्यातल्या युती सरकारने अरबी समुद्रात बुडवला होता आणि मग वाटाघाटी करून वर काढला होता. सरकार दुसऱ्या दिवशी पडले. त्याला या विषयावर एकही तारांकित प्रश्न लागू शकला नाही, कारण पंधरा दिवसांची सूचना देण्याएवढे त्याचे आयुष्यच नव्हते. दाभोळची वीज महाराष्ट्राच्या वीज मंडळाला किती महाग पडली, हे पुढे माधव गोडबोले समितीने सांगितले. तोवर २००१ उजाडले होते आणि प्रकल्प बंद पडला होता.

मग १९९८ चा कांदा. दिल्लीत चाळीस-पन्नास रुपये किलो, लासलगावला रिकामे ओटे. ग्राहक व्यवहार सुरजितसिंग बर्नालांकडे, वाणिज्य रामकृष्ण हेगडेंकडे, निर्यातीत नाफेडचा हात. लोकसभेत विरोधी पक्षनेते शरद पवार होते आणि महाराष्ट्रातून काँग्रेसचे ३३ खासदार आले होते. कांद्यावर मंत्र्याला घेरायला यापेक्षा जाणकार बाक मिळणे अशक्य. पण भाव भडकले तेव्हा संसद भरलेली नव्हती. हिवाळी अधिवेशन उघडेपर्यंत दिल्ली आणि राजस्थानच्या मतदारांनी भाजपची सरकारे घालवली होती. तेव्हापासून प्रत्येक सरकारने एवढेच मनावर घेतले की शहरात कांदा महागता कामा नये. पिकवणाऱ्याचे काय, हा प्रश्न विचारणारे थोडे होते. चाकणच्या बाजारात कांद्याचे आंदोलन उभे करणारे शरद जोशी २००४ मध्ये राज्यसभेत पोहोचले, पण एकटा माणूस किती उपप्रश्न विचारणार?

पुढचे भराभर सांगतो, कारण त्यात कंटाळा आणि संताप यांखेरीज फार काही नाही. डिसेंबर २००५ मध्ये पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल अकरा खासदार बडतर्फ झाले. त्यांतले दोन खानदेशातले होते. सापळा लावणाऱ्यांनी लघुउद्योजकांची एक बनावट संघटनाच उभी केली होती, आणि विचारायला दिलेल्या प्रश्नांत इंग्रजी कादंबरीतल्या पात्राच्या नावाचे, अस्तित्वात नसलेले एक जर्मन रेल्वे इंजिनही होते. पैसे घेण्याइतकीच मला याची लाज वाटली की आपण काय विचारतो आहोत हे वाचायचीही तसदी त्यांनी घेतली नव्हती. २०१० चे हिवाळी अधिवेशन टू-जीवरच्या संयुक्त समितीच्या मागणीत जवळजवळ सगळे वाहून गेले. ते १३ डिसेंबरला संपले, आणि आठवड्याभरात कांदा भडकून निर्यात बंद झाली. शेती आणि ग्राहक, दोन्ही खाती तेव्हा पवारांकडेच होती. बारा वर्षांपूर्वी प्रश्न विचारायच्या बाकावर होते ते आता उत्तर द्यायच्या बाकावर होते, आणि विचारायला सभागृहच नव्हते.

२०२० मध्ये तर तासच काढून टाकला. करोनाचे कारण सांगून १४ सप्टेंबरला सुरू झालेल्या अधिवेशनात प्रश्नोत्तरे नव्हती, फक्त लेखी उत्तरे. त्याच दिवशी कांद्याची निर्यात बंद करणारी अधिसूचना निघाली. दुसऱ्या दिवशी लोकसभेने कांद्याला जीवनावश्यक वस्तूंच्या साठामर्यादेतून मोकळे करणारे विधेयक मंजूर केले. ऑक्टोबरात पुन्हा साठामर्यादा लागली. शेतकऱ्याला सोमवारी बांधले, मंगळवारी मोकळे केले आणि दिवाळीआधी परत बांधले. या तीन निर्णयांना एका उपप्रश्नात ओवायला राम नाईकांना दोन मिनिटे पुरली असती.

२०२३ मध्ये पावसाळी अधिवेशन ११ ऑगस्टला संपले आणि १९ ऑगस्टला कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागले. नाशिकच्या बाजार समित्यांत लिलाव बंद पडले. केंद्र २,४१० रुपये क्विंटलने दोन लाख टन घेणार, ही घोषणा राज्याच्या उपमुख्यमंत्र्यांनी जपानच्या दौऱ्यातून केली. वाणिज्य आणि ग्राहक व्यवहार ही दोन्ही खाती तेव्हा मुंबईच्या पीयूष गोयल यांच्याकडे होती, म्हणजे निर्यात थांबवणारा आणि भाव पाडणारा मंत्री एकच. १९९४ सारखे दोन वारांत दोन उत्तरे पकडायची सोयही उरली नव्हती. ८ डिसेंबरला निर्यात पूर्ण बंद झाली. त्याच दिवशी लोकसभेने महुआ मोईत्रा यांना बडतर्फ केले. प्रश्न टाकायच्या पोर्टलचे लॉगिन एका उद्योजकाला दिल्याचे त्यांनी मान्य केले होते, पैसे घेतल्याचे नाकारले होते. लॉगिन देणे गैरच. पण देशातल्या एका मोठ्या उद्योगसमूहाबद्दल नियमित प्रश्न विचारणारा सदस्य बाहेर गेला आणि त्या विषयाला पुढच्या रांगेत वाली उरला नाही, हेही खरे. त्यानंतरच्या दोन आठवड्यांत दोन्ही सभागृहांतले मिळून १४६ सदस्य निलंबित झाले. त्यांनी दिलेले प्रश्नसुद्धा यादीतून वगळले गेले. निलंबितांत शिरूरचे अमोल कोल्हे होते. चाकण त्यांच्याच मतदारसंघात येते.

लेखी उत्तरे मात्र कधी नव्हे इतकी मुबलक मिळतात. संसदेच्या संकेतस्थळावर ढिगाने पडलेली असतात, तक्त्यांसकट. उपप्रश्नावाचून ती वाचणे म्हणजे उलटतपासणीशिवायची साक्ष वाचणे. विधानभवनात वाढलेल्यांना ती भाषा पाठ आहे: ‘अंशतः खरे आहे’, ‘कार्यवाही सुरू आहे’, आणि शेवटी ‘प्रश्न उद्भवत नाही’. एक बदल मंत्र्यांच्या फार सोयीचा झाला. पेट्रोलचा भाव तेल कंपन्या ठरवतात, विजेचा आयोग ठरवतो, फोनचे नियामक बघतो. विचारले तर मंत्री या पाट्यांकडे बोट दाखवतात. मग तुम्ही काय ठरवता, हा उपप्रश्न विचारायला माणूस समोर उभा लागतो.

निर्यातशुल्क अखेर १ एप्रिल २०२५ ला शून्यावर आले, तोवर दोन हंगाम गेले. लोकसभा निवडणुकीत कांदापट्ट्याने राग काढला होता, दिंडोरीत तर केंद्रातल्या राज्यमंत्री भारती पवार हरल्या. त्या रागावर जे निवडून आले ते आज विरोधी बाकांवर आहेत. त्यांच्या पक्षांनी २०२५ च्या पावसाळ्यात सकाळचे अकरा ते बारा कशासाठी खर्च केले, आणि त्या महिनाभरात कांद्यावर एखादा उपप्रश्न उभे राहून विचारता आला का, हे त्यांनी लासलगावच्या ओट्यावर येऊन सांगावे. गोयलांना विचारायचे ते नंतर बघू.