तारेवरचे इंटरनेट – भाग ६ : ‘५६ के’ अडायचे कुठे?

मागच्या भागात मोडेमच्या शिट्ट्यांचा अर्थ पाहिला. या वेळी डायल-अपच्या काळातली घरोघरची तक्रार: डब्यावर ‘५६ के’ छापलेले असताना नेट २६ वर का रखडायचे?

आधी आकडा नीट वाचायचा. पडद्यावर ‘११५२००’ दिसला तर तो संगणक आणि मोडेम यांच्यातल्या केबलचा वेग. टेलिफोनच्या तारेशी त्याचा संबंध नाही.

आता ५६ कुठून आले? एक्स्चेंज आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेते, प्रत्येकी ८ बिटांचे. त्यातल्या ७ बिटांवरच भरवसा ठेवता येतो, म्हणून सेकंदाला ५६ हजार बिट, म्हणजेच ‘५६ के’. शिवाय १९९८ च्या व्ही.९० मानकाची अट कडक: इंटरनेट देणाऱ्यापासून तुमच्या एक्स्चेंजपर्यंत सगळे डिजिटल हवे, अ‍ॅनालॉग टप्पा फक्त एक्स्चेंज ते घर. सी-डॉट या सरकारी दूरसंचार संस्थेची खेड्यांतली छोटी एक्स्चेंजे डिजिटल होती, विनावातानुकूलन चालायची. हे आपल्या अभियंत्यांचे मोठे काम. पण तिथून तालुक्याकडे जाणारा दुवा अ‍ॅनालॉग असला की कमाल ३३.६, तेही नशिबाने. मग नवा मोडेम घेऊन काही उपयोग नसायचा. लोकांचे पैसे इथेच वाया गेले, याची हळहळ वाटते.

दुवा ठीक असेल तर दोष तारेत शोधायचा. वैनगंगेकाठच्या गोसीखुर्दसारख्या गावात रोवणीच्या दिवसांत हवा इतकी ओली की खांबावरच्या डब्यातले जोड गंजून हिरवे पडायचे. ते ओळखायला रिसीव्हर उचलून एक आकडा दाबायचा, डायल टोन थांबतो. मग कान देऊन ऐकायचे. शांतता असेल तर बरे. खरखर म्हणजे सैल किंवा गंजलेला जोड, घूं असा सूर म्हणजे विजेच्या तारेचा शेजार. त्यानंतर घरातला दुसरा फोन आणि समांतर काढलेली सगळी वायरिंग सोडवून मोडेम थेट बाहेरून येणाऱ्या तारेला जोडायचा. वेग वाढला तर दोष घरातला, नाही तर लाइनमनला बोलवायचे आणि ‘नेट स्लो आहे’ असे न सांगता ‘लाइनवर खरखर आहे’ असे सांगायचे. आवाजाची तक्रार त्याला लगेच कळायची, जोडही तो तिथल्या तिथे नवा करू शकायचा.

आणि जोड बदलूनही जमले नाही तर? मोडेम खराब लाइनवरही मोठा आकडा पकडतो, मग गोंगाट वाढला की मध्येच थांबून लाइन पुन्हा तपासतो. त्या सेकंदांत डाउनलोड जागच्या जागी. अशा वेळी मोडेमच्या सेटिंगमध्ये कमाल वेग मुद्दाम २८.८ वर बांधायचा. एका एमबीला पाच मिनिटे लागायची, पण ती सलग. ४४ वर चढून वारंवार अडखळणाऱ्या, शेवटी तुटून पुन्हा डायल करायला लावणाऱ्या कनेक्शनपेक्षा फाइल लवकर हाती यायची आणि कॉलचे बिलही आटोक्यात राहायचे.