जुनी गाडी घ्यावी की नवी?

गटाच्या मासिक बैठकीत पूर्वी कर्जाची मागणी यायची ती शेळीसाठी, शिलाई मशीनसाठी, नाहीतर पोरांच्या फीसाठी. आता त्यात दुचाकीची भर पडली आहे. कुणाला डेअरीवर दूध घालायचंय, कुणाला पापड-मसाले बाजाराला न्यायचेत, कुणी आशाताई आहे आणि तिच्या कामाची वेळ एसटीच्या वेळेशी जुळत नाही. मागणी आली की मागोमाग प्रश्न येतोच, जुनी घेऊ की नवी? आज त्यावरच बोलूया.

आपल्याकडे बाईच्या हातात गाडी काही काल-परवा आलेली नाही. पुण्याच्या कायनेटिक कंपनीनं 1972 साली लुना आणली. 1984 साली बटणावर सुरू होणारी, गिअर नसलेली कायनेटिक होंडा आली. आज गावोगाव गिअर नसलेल्या स्कूटर आणि मोपेड दिसतात, त्यामुळे जुन्या गाड्यांचा बाजारही मोठा आहे. पण जुनी म्हणजे किती जुनी, हे आधी विचारायचं. त्यासाठी तीन तारखा लक्षात ठेवा.

पहिली तारीख एप्रिल 2019. तेव्हापासून 125 सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना जोडब्रेक किंवा एबीएस आणि त्यावरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं. जोडब्रेक म्हणजे स्कूटरचा डावा ब्रेक दाबला की मागच्या चाकाबरोबर पुढचंही चाक आवरतं. घाबरून आपण एकच ब्रेक करकचून दाबतो आणि गाडी घसरते, ते यानं कमी होतं. नवशिक्या बाईसाठी ही मोठी गोष्ट आहे.

दुसरी तारीख एप्रिल 2020. तेव्हापासून बीएस-6 गाड्याच विकल्या जातात. त्याआधीच्या बहुतेक स्कूटरना कार्बोरेटर असायचा. कचरा अडकला की गावातला मिस्त्री खोलून साफ करून द्यायचा. बीएस-6 गाड्यांत बहुतेक ठिकाणी पेट्रोल इंजेक्शननं सोडलं जातं. थंडीत गाडी पटकन सुरू होते, धूर कमी होतो. पण बॅटरी पूर्ण बसली तर नुसती किक मारून बऱ्याचदा भागत नाही, आणि सेन्सर बिघडला तर तो शोधायला मशीन लागतं. ते गावच्या मिस्त्रीकडे असेलच असं नाही. म्हणून नव्या पद्धतीची गाडी घेताना आधी विचारा, जवळचं सर्व्हिस सेंटर किती किलोमीटरवर आहे?

तिसरी तारीख एप्रिल 2023. तेव्हापासून नव्या गाड्यांचे भाग 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला टिकतील असे बनू लागले. आता पंपावर तेच पेट्रोल मिळतं. म्हणजे जुनी गाडी चालत नाही असं नाही. पण तिच्या पेट्रोलच्या रबरी नळ्या आणि सील मिस्त्रीला दाखवून घ्यायचे. चिरलेली नळी पाच मिनिटांत बदलता येते, गळतं पेट्रोल मात्र जिवावर बेतू शकतं.

आता पैशांकडे वळू. आपण जुनीची किंमत आणि नवीची किंमत शेजारी ठेवतो आणि स्वस्त ती निवडतो. तसं करू नका. रोज किती किलोमीटर जायचंय ते आधी मांडा. समजा एक ताई डेअरीपर्यंत जाऊन येऊन रोज 8 किलोमीटर जाते. वर्षात 300 दिवस धरले तर 2,400 किलोमीटर झाले. दुसरी ताई तालुक्याला माल पोचवते, रोज 50 किलोमीटर. तिचे वर्षाला 15,000 होतात. पहिलीला चांगली राखलेली जुनी गाडी पुरे. नवी घेतली तर ती बहुतेक वेळ अंगणात उभी राहील आणि हप्ता मात्र चालू राहील. दुसरीची गाडी एक दिवस बंद पडली तर त्या दिवसाची कमाई जाते, गिऱ्हाईक दुसरीकडे वळतं. तिला नवी किंवा अगदी कमी वापरलेली गाडीच परवडते.

जुन्या गाडीच्या किमतीत लगेच होणारा खर्चही धरा. उदाहरणादाखल, मालकानं 40,000 सांगितले. टायर, बॅटरी, सर्व्हिसिंग, नावावर करणं आणि विमा धरून ती 50,000 च्या घरात जाऊ शकते. गिअर नसलेल्या स्कूटरचा आतला पट्टा साधारण वीस-पंचवीस हजार किलोमीटरला बदलावा लागतो. तो बदललाय का, हेही विचारा. आणि 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या दुचाकीवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला आहे. त्यामुळे जुनीचा भाव करताना नवीचा आजचा भाव शोरूममध्ये विचारून मगच बोला.

हप्त्याचंही एक गणित सांगते. शोरूममध्ये कुणी म्हणालं, ‘ताई, फक्त 10 टक्के व्याज,’ तर विचारायचं, सरळ व्याज की घटत्या मुद्दलावर? 60,000 रुपये तीन वर्षांसाठी 10 टक्के सरळ व्याजानं घेतले तर व्याज 18,000 होतं आणि हप्ता 2,167 रुपये पडतो. घटत्या मुद्दलाच्या हिशेबानं हा दर जवळजवळ 18 टक्के होतो. कारण तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत जाता, पण व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण 60,000 वर लावलेलं असतं. गटाचं अंतर्गत कर्ज महिन्याला 2 टक्क्यांनी, म्हणजे वर्षाला 24 टक्क्यांनी असेल, तर ते दरानं महाग आहे. पण ते व्याज गटातच राहतं. दोन्ही आकडे कागदावर मांडा आणि मग ठरवा.

जुनी गाडी बघायला जाताना सकाळी जा, गाडी थंड असताना. मालकानं आधीच सुरू करून गरम ठेवली असेल तर थंड गाडी सुरू व्हायला किती त्रास देते ते कळत नाही. सुरू केल्यावर धूर बघा. निळसर धूर सतत येत असेल तर इंजिन ऑइल जाळतंय आणि खर्च मोठा निघू शकतो. काळा धूर आला तर पेट्रोल जास्त जातंय किंवा एअर फिल्टर चोंदलाय. मीटरवर किलोमीटर कमी आणि हँडलची मूठ, पायाखालचं रबर, सीट मात्र पार झिजलेलं, असं दिसलं तर मीटरवर विश्वास ठेवू नका. टायरवर चार आकडे असतात. 2319 असेल तर तो टायर 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी शाबूत दिसली तरी जुनं रबर कडक होऊन चिरतं. कुणाला तरी गाडी सरळ चालवायला लावून मागून बघा, दोन्ही चाकं एका ओळीत जातात का. खाली वाकून वेल्डिंगच्या खुणाही शोधा.

स्वतः बसून बघा, तेही रोज नेसता त्या साडीत. दोन्ही पाय जमिनीला टेकतात का? स्टँडवर लावताना ओढवते का? मागच्या चाकाला साडी गार्ड आहे का? पदर किंवा ओढणी चाकात जाऊ नये म्हणून तो नियमानं लागतोच, पण जुन्या गाड्यांचा अनेकांनी काढून टाकलेला असतो.

आता कागद. आरसी पुस्तकातला चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः ताडून बघा. नोंदणी 15 वर्षांची असते. 13 वर्षांची गाडी घेतली तर दोन वर्षांनी नूतनीकरण आणि पर्यावरण कर तुमच्या माथी येतो. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेचा ना-हरकत दाखला आणि फॉर्म 35 मिळाल्याशिवाय पैसे पूर्ण देऊ नका. गाडी परराज्यातली असेल तर तिथल्या आरटीओचा दाखला लागतो आणि इथला कर वेगळा भरावा लागतो. नावावर करायला फॉर्म 29 आणि 30 लागतात, दोन्हींवर सह्या पैसे देतानाच घ्या. विमा आपल्या नावावर करण्यासाठी 14 दिवसांत कंपनीकडे अर्ज करायचा असतो.

‘नावावर करू सावकाश’ असं म्हणू नका. आरटीओच्या दप्तरात ज्याचं नाव, तोच मालक, असं सर्वोच्च न्यायालयानं 2018 साली स्पष्ट केलं आहे. म्हणजे अपघात झाला तर भरपाईच्या दाव्यात जुना मालक अडकतो. म्हणून गाडी विकताना आपलं नाव काढून घेणं हे आपलंही काम आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गाडी गटाच्या कर्जातून आली, हप्ता तुम्ही भरता, चालवता तुम्ही, मग आरसीवर नाव कुणाचं? बऱ्याच घरांत नवऱ्याचं किंवा मुलाचं असतं. विम्यात मालक-चालकासाठी 15 लाखांचं अपघात संरक्षण असतं. ते मिळतं आरसीवर नाव असलेल्या माणसाला, आणि त्याच्याकडे वैध लायसन्स असेल तरच. नाव नवऱ्याचं आणि गाडीवर तुम्ही असाल, तर ते संरक्षण तुम्हाला लागू होत नाही. नवी असो की जुनी, ज्या बाईला गाडीवर पोट भरायचंय तिच्या नावावर गाडी आणि तिच्या पर्समध्ये लायसन्स हवं. शिकाऊ लायसन्स सहा महिने चालतं आणि 30 दिवसांनंतर पक्क्या लायसन्सची परीक्षा देता येते. म्हणून गाडी बघायला लागतानाच शिकाऊ लायसन्स काढा.

गटांना एक सुचवते. गाडीसाठी कर्ज मागणाऱ्या ताईनं बैठकीत चार गोष्टी सांगायच्या: रोजचे किलोमीटर, महिन्याचा हप्ता, आरसीवर कुणाचं नाव लागणार आणि लायसन्स आहे की नाही. हे सगळं इतिवृत्तात लिहून घ्या. जुनी गाडी बघायला जाताना गटातली आणखी एक ताई आणि ओळखीचा मिस्त्री बरोबर न्या. मिस्त्रीला त्याच्या वेळेचे शे-दोनशे रुपये द्या, म्हणजे तो मालकाच्या बाजूनं बोलणार नाही. आणि हेल्मेट गाडीबरोबरच घ्या, त्याचे पैसेही कर्जाच्या मागणीतच धरा.