गोल्फ खेळायला क्लबची मेंबरशिप लागतेच का? खारघरमध्ये राउंड कसा होतो, समजून घ्या

7 ऑगस्ट 2021. टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोकचं पदक फक्त एका फटक्याने हुकलं, ती चौथी आली. त्या सकाळी आयुष्यात कधी गोल्फ न पाहिलेली माणसंही टीव्हीसमोर बसली होती. पण 'आपणही खेळून बघू' म्हटलं की प्रश्न येतो, खेळायचं कुठे?

मुंबईत गोल्फ म्हटलं की चेंबूरचं बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब आठवतं. स्थापना 1927 ची. अशा जुन्या क्लबांमध्ये आत जायला मेंबर असावं लागतं किंवा मेंबरचा पाहुणा तरी.

नवी मुंबईत चित्र वेगळं आहे. खारघरमध्ये डोंगराच्या पायथ्याशी, सेंट्रल पार्कच्या परिसरात सिडकोने खारघर व्हॅली गोल्फ कोर्स उभारला. हा सार्वजनिक कोर्स आहे. म्हणजे मेंबर नसलात तरी फी भरून खेळता येतं. या फीला 'ग्रीन फी' म्हणतात. जाण्याआधी दर, वेळेचं बुकिंग आणि स्टिक भाड्याने मिळतील का, हे फोन करून विचारलेलं बरं. कॉलरचा टी-शर्टही लक्षात ठेवा, बऱ्याच कोर्सवर तो लागतो.

राउंड म्हणजे काय?

पूर्ण राउंड 18 होलचा. चार-पाच तास आणि बरीच पायपीट. सोबत जास्तीत जास्त 14 स्टिक. सुरुवातीच्या जागेला 'टी' म्हणतात. तिथून मधल्या कापलेल्या गवतावरून, वाळूचे खड्डे चुकवत चेंडू 'ग्रीन'पर्यंत न्यायचा आणि 108 मिलिमीटर रुंदीच्या होलमध्ये घालायचा.

प्रत्येक होलसाठी फटके ठरलेले असतात, तो 'पार'. पार 4 चं गणित सोपं आहे: दोन फटक्यांत ग्रीनवर, दोन फटक्यांत होलमध्ये. एक फटका कमी लागला तर बर्डी, एक जास्त लागला तर बोगी.

नवख्याने कसं खेळायचं?

यासाठी 'हँडिकॅप' आहे. समजा, कोर्सचा पार 72 आहे आणि तुमचा हँडिकॅप 20. तुम्ही 92 फटके मारले, तर त्यातून 20 वजा होऊन स्कोअर 72. म्हणून नवखा आणि मुरलेला खेळाडू एकाच स्पर्धेत उतरू शकतात. रोजच्या खेळात अंपायर नसतो, आपले फटके आपणच मोजायचे. झाडामागे चेंडू पायाने सरकवला तरी कुणाला कळणार नाही. सगळा खेळ या विश्वासावर चालतो.

मग वाद कशाचा?

जागेचा. क्रिकेटला एक मैदान पुरतं, 18 होलच्या कोर्सला शेकडो एकर लागू शकतात. शिवाय पावसाळा संपला की गवताला पाणी हवंच.

त्याच सिडकोच्या नेरूळमधल्या दुसऱ्या प्रस्तावात हाच प्रश्न कोर्टात गेला. तिथे पाणथळ जागेवर गोल्फ कोर्स आणि घरं होणार होती. हा भाग फ्लेमिंगोंसाठी ओळखला जातो. नोव्हेंबर 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यासाठी केलेला जमीन वापरातला बदल रद्द केला. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं.

म्हणजे एकाच शहरात गोल्फच्या दोन बाजू दिसतात. खारघरमध्ये मेंबरशिप नसलेल्यालाही दार उघडं आहे. एसएसपी चौरासियाचे वडील कोलकात्याच्या रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबमध्ये ग्रीनकीपर होते. मुलगा तिथेच खेळ शिकला आणि 2008 मध्ये इंडियन मास्टर्स जिंकला. मैदानात पाय ठेवता आला, म्हणूनच हे घडलं. पण ते मैदान कोणत्या जमिनीवर उभं राहतं, हा प्रश्न न खेळणाऱ्यांचाही आहे. कारण जमीन सार्वजनिक आहे, आणि पाणथळ जागा एकदा बुजवली की परत मिळत नाही.