‘घाबरू नका, काही करत नाही तो!’

मैदानात मोकळा सोडलेला लॅब्रॅडॉर अंगावर धावून आला, की लांबूनच मालकाचा ठरलेला दिलासा ऐकू येतो: ‘घाबरू नका, काही करत नाही तो!’ लीश फक्त चावऱ्या कुत्र्याला लागते, हा गैरसमज शिकल्या-सवरल्या घरांतही घट्ट बसला आहे. कुत्रा पूर्वी कुणाला चावला होता का, हे कायदा विचारत नाही. आपल्या प्राण्यापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा संभाव्य धोका असताना पुरेशी खबरदारी न घेणं हाच भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 नुसार गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि धोका दातांचाच असतो, हे कुणी ठरवलं? तीस किलोंचा कुत्रा निव्वळ लाडाने छातीवर पाय टेकवतो आणि सत्तरीच्या आजी पडून त्यांचं खुब्याचं हाड मोडतं. घाबरून पळणाऱ्या मुलामागे धावणं तर कुत्र्याच्या स्वभावातच आहे. एक सुतळी बॉम्ब फुटला की हाच ‘शहाणा’ कुत्रा सैरावैरा रस्त्यावर धावतो आणि गाडीखाली येतो.

यावर ‘परदेशात सोडतातच की’ हे उत्तर तयार असतं. न्यूयॉर्कमध्ये सार्वजनिक जागी जास्तीत जास्त सहा फुटांची लीश सक्तीची आहे. मोकळं सोडायचं ते ठरवून दिलेल्या बागांमध्ये, सकाळी नऊपूर्वी किंवा रात्री नऊनंतर, तेही परवाना आणि रेबीजच्या लसीचा पुरावा असेल तर. आपल्याकडे मैदान रिकामं दिसलं की मालक स्वतःच सवलत जाहीर करतात! दुसरा आक्षेप क्रूरतेचा. 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा अवाजवी आखूड किंवा जड साखळीने कुत्र्याला अवाजवी वेळ बांधून ठेवण्याला मनाई करतो, आणि सतत बांधलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणंही त्यात गुन्हा आहे. लीश लावून तासभर फिरवणं हा तोच व्यायाम झाला. भारतीय पशुकल्याण मंडळाच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सोसायटीला कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही की मुसक्याची सक्ती करता येत नाही. मालक हे तोंडपाठ म्हणून दाखवतात. सार्वजनिक जागी लीश लावा, हे त्याच तत्त्वांतलं वाक्य मात्र गाळतात.

नसबंदी झालेल्या कुत्र्यालाही लीश लागतेच. नसबंदी-लसीकरणानंतर कुत्र्याला मूळ जागी सोडण्याचा 2023 चा नियम भटक्या कुत्र्यांसाठी आहे, पाळीव नव्हे. तेव्हा लीश घराच्या दारातच अडकवा आणि लिफ्टमध्येही सोडू नका.