धनुष्य नाही हाती, तरी शारंगधर

हिवरा आश्रम म्हटलं की आधी आठवते पुरी-भाजीची पंगत. शुकदास महाराजांच्या विवेकानंद आश्रमात विवेकानंद जन्मोत्सवाला ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून पुऱ्या नि वांग्याची भाजी येते आणि लाखो माणसं जेवून उठतात. पण हात धुतले की लगेच घरची वाट धरू नका. याच मुलखात विष्णूच्या अफलातून गोष्टी आहेत.

आधी तालुक्याचं गाव, मेहकर. इथे मेघंकर राक्षस माजला, त्याला मारायला विष्णू शार्ङ्ग धनुष्य घेऊन आला, म्हणून तो शारंगधर. राक्षसावरून गावाचं नाव पडलं. मत्स्यपुराणाच्या तीर्थांच्या यादीतही मेघंकर आहे आणि तिथला शार्ङ्गधरही!

मग हा देव जमिनीत गडप झाला. वर आला थेट 1888 मध्ये, खोदकाम करताना. अखंड काळा पाषाण, उंची सुमारे 11 फूट. मुकुट बघायचा तर मान मागे टाकावी लागते. इंग्रज मूर्ती विलायतेला नेतील या धास्तीने गावाने घाईघाईने प्रतिष्ठापना केली, असं मेहकरात सांगतात. मला ही हुशारी फार आवडते. गंध-फूल वाहिलं, पूजा लागली, की मूर्तीचा देव होतो. मग तिला हात लावायची कोणाची छाती होणार?

आणि गंमत बघा. नाव धनुष्यावरून, पण हातांत शंख, चक्र, गदा, पद्म. लोकांच्या तोंडी तर सरळ 'बालाजी'. मेघंकराचा वैरी असा घराघरातला बालाजी झाला.

पुढे लोणार. तिथे तोच विष्णू दैत्यसूदन. लवणासुर भुयारात दडला होता. देवाने पायाच्या अंगठ्याने वरचं झाकण उडवलं नि त्याला मारलं. लोणारचं तळं म्हणजे त्याचं रक्त, अशी कथा. विज्ञान सांगतं, हे उल्कापाताने बेसाल्टमध्ये पडलेलं विवर आहे, सुमारे 1.8 किलोमीटर रुंद. जून 2020 मध्ये तळं खरोखर गुलाबी झालं, ते खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्मजीवांमुळे.

मेच्या मध्यात जमलं तर दैत्यसूदनाच्या देवळात जा. त्या दिवसांत सूर्याची किरणं थेट मूर्तीवर पडतात.